वळिवडे: कोल्हापूरजवळच्या छावणीत पाच हजार पोलिश निर्वासित कसे राहिले, आणि त्यातले काही आफ्रिकेत कसे पोहोचले?

लग्नाचा बस्ता बांधायला किंवा दुकानात भरायचा माल घ्यायला अनेक जण कोल्हापूरजवळच्या गांधीनगरला जातात. होलसेल कापडाची ही पेठ फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी उभी केली, हे बहुतेकांना माहीत असतं. त्याआधी याच जागेवर एक अख्खं पोलिश गाव नांदत होतं, हे मात्र फार जणांना माहीत नसतं. या गावाला चर्च होतं, शाळा होत्या, दवाखाना होता, स्काउटची पथकं होती. १९४३ ते १९४८ अशी पाच वर्षं इथे पोलंडचे सुमारे ५ हजार निर्वासित राहिले. त्यात बायका आणि मुलंच जास्त होती. हीच वळिवड्याची छावणी.

ऑगस्ट २०२४मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी पोलंडची राजधानी वॉर्सॉ इथल्या 'कोल्हापूर स्मारका'वर पुष्पचक्र वाहिलं, तेव्हा ही गोष्ट पुन्हा बातम्यांत आली. 'कोल्हापूरने पोलंडच्या लेकरांना आसरा दिला' अशा मथळ्यांनी सोशल मीडिया भरून गेला. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. ही मुलं आली कुठून, त्यांच्या जेवणाचे आणि शाळेचे पैसे कोण देत होतं, पाच वर्षांनी ती कुठे गेली, हे त्या मथळ्यांत नव्हतं. याच मुलांसारखी हजारो मुलं त्याच वर्षांत आफ्रिकेतल्या निर्वासित छावण्यांमध्ये वाढत होती, हेही नव्हतं. आज 'निर्वासित छावणी' म्हटलं की डोळ्यांसमोर आफ्रिकेतले तंबू येतात. ८० वर्षांपूर्वी तिथल्या छावण्यांत युरोपातली मुलं राहत होती.

निर्वासित नेमकं कुणाला म्हणायचं?

आधी हा शब्द सोडवून घेऊ, कारण आपल्याकडे तो सैल वापरला जातो. पाथर्डी-शेवगाव भागातून दरवर्षी हजारो कुटुंबं ऊसतोडीला जातात, कारखान्याच्या परिसरात कोप्या घालून राहतात. त्यांच्या मुलांची शाळा बुडते, हाल होतात. तरी कायद्याच्या भाषेत ती निर्वासित नाहीत, स्थलांतरित आहेत. छळ किंवा छळाची सार्थ भीती यामुळे स्वतःचा देश सोडून दुसऱ्या देशात गेलेली व्यक्ती म्हणजे निर्वासित, ही व्याख्या १९५१च्या आंतरराष्ट्रीय करारातून आली. आफ्रिकी देशांनी १९६९मध्ये स्वतःचा वेगळा करार केला आणि त्यात परकीय आक्रमण, युद्ध, गंभीर अशांतता यांमुळे पळालेल्यांनाही सामावून घेतलं. भारताने १९५१च्या करारावर आजही सही केलेली नाही.

वळिवड्याची छावणी वसली तेव्हा यातला एकही करार अस्तित्वात नव्हता.

ही मुलं आली कुठून?

१ सप्टेंबर १९३९ला जर्मनीने पश्चिमेकडून पोलंडवर हल्ला केला. १७ सप्टेंबरला सोव्हिएत संघ पूर्वेकडून घुसला. पोलंडचे दोन तुकडे झाले. सोव्हिएत ताब्यातल्या भागातून फेब्रुवारी, एप्रिल आणि जून १९४० आणि मग १९४१चा उन्हाळा अशा चार लाटांमध्ये लाखो लोकांना सायबेरिया, कझाकस्तान आणि उत्तर रशियात हद्दपार करण्यात आलं. सैनिक, शेतकरी, वनरक्षक, शिक्षक, सरकारी नोकर यांची कुटुंबंच्या कुटुंबं रातोरात उचलून मालगाड्यांत भरली. तिकडे लाकूडतोडीच्या आणि सामूहिक शेतीच्या कामावर अनेक जण भुकेने, थंडीने आणि टायफसने गेले. मुलं मागे राहिली.

जून १९४१मध्ये हिटलरने सोव्हिएत संघावरच हल्ला केला आणि चित्र पालटलं. स्टालिनला आता दोस्तांची गरज होती. लंडनमधल्या निर्वासित पोलिश सरकारशी त्याने करार केला आणि या हद्दपार लोकांना 'माफी' मिळाली. (गुन्हा काय होता, हे कुणी सांगितलं नाही.) सुटलेले लोक दक्षिणेकडे निघाले. जनरल आंडर्स यांच्या नेतृत्वाखाली पोलिश सैन्य उभं राहत होतं. १९४२मध्ये हे सैन्य कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणात गेलं आणि त्यांच्याबरोबर हजारो बायका-मुलंही गेली. सैनिक पुढे लढाईवर जाणार होते. बायका-मुलांचं काय करायचं, हा प्रश्न ब्रिटिशांपुढे आला.

इराणात युद्धकाळात फार काळ ठेवणं शक्य नव्हतं. मग जगाच्या नकाशावर जागा शोधल्या गेल्या. काही जण मेक्सिकोला, काही न्यूझीलंडला गेले. सर्वांत मोठा गट पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेतल्या ब्रिटिश वसाहतींत गेला. आणि काही हजार लोक कराचीमार्गे भारतात आले.

बालाचडी आणि वळिवडे: दोन वेगळ्या गोष्टी

इथे हमखास एक गल्लत होते. जामनगरचे महाराजा आणि कोल्हापूरची छावणी या दोन्ही गोष्टी व्हॉट्सॲपवर एकत्र कालवल्या जातात.

भारतात आलेली पहिली पोलिश मुलं रेडक्रॉसच्या ट्रकमधून आली. मुंबईतल्या पोलिश वाणिज्यदूतांच्या पत्नी किरा बानासिन्स्का यांनी या मोहिमेसाठी जिवाचं रान केलं. औषधं आणि कपडे घेऊन गेलेले ट्रक अश्गाबातहून अनाथ मुलं घेऊन परतले. एप्रिल १९४२मध्ये ही मुलं मुंबईत वांद्र्याला उतरली, काही महिने तिथेच सावरली आणि मग नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी जामनगरजवळ बालाचडीला बांधून घेतलेल्या छावणीत गेली. जामसाहेब तेव्हा नरेंद्र मंडळाचे अध्यक्ष होते. मुलांसाठी उभारलेल्या निधीला इतर संस्थानिक आणि टाटांसारखे उद्योगसमूह यांनीही हातभार लावला. मुलं जामसाहेबांना 'बापू' म्हणायची. रोज रोज पालक खाऊन कंटाळलेल्या मुलांनी एकदा चक्क संप केला आणि बापूंनी मुलांची बाजू घेतली, ही आठवण तिथले माजी रहिवासी म्हातारपणीही हसत सांगत.

बालाचडी ही मुख्यतः अनाथ मुलांची छावणी होती. तिथल्या मुलांची संख्या हजाराच्या आतच राहिली. वळिवडे त्याहून कितीतरी मोठं होतं आणि तिथे कुटुंबं होती. म्हणजे आई, आजी, लेकरं. बाप एकतर आंडर्सच्या सैन्यात होता किंवा सायबेरियातून परतलाच नव्हता.

छावणी कुणी बांधली?

वळिवडे कोल्हापूर संस्थानात होतं. पण 'कोल्हापूरच्या महाराजांनी छावणी काढली' हे वाक्य सोपं करून सांगितलेलं आहे. छत्रपती राजाराम महाराज १९४०मध्ये वारले होते आणि १९४३मध्ये गादीवरचे महाराज अगदी लहान मूल होते. निर्णय ब्रिटिश भारत सरकार आणि लंडनमधलं पोलिश सरकार यांच्यात झाला. संस्थानाने जागा दिली आणि सहकार्य केलं. जागेची निवड मात्र उत्तम होती. हवा सौम्य, पंचगंगा जवळ, कोल्हापूर-मिरज रेल्वेमार्ग शेजारून जाणारा, आणि बाजारपेठेचं शहर हाकेच्या अंतरावर.

दगडी जोत्यावर लांबच लांब बराकी उभ्या राहिल्या. भिंती चटयांच्या, वर कौलं. प्रत्येक कुटुंबाला बराकीतली स्वतंत्र जागा मिळाली, स्वयंपाकघर आणि पुढे ओसरी. ओसरीपुढे बायकांनी फुलझाडं लावली. वरवर पाहता ही बांधकामाची माहिती वाटेल, पण मदतीच्या दृष्टीने वळिवड्यातली सर्वांत मोठी गोष्ट इथेच आहे: छावणीत सगळ्यांना एका भटारखान्यातून रांगेत जेवण वाढलं जात नव्हतं. कुटुंबांना महिन्याचा भत्ता मिळायचा आणि बाया स्वतः बाजार करून स्वतःच्या चुलीवर शिजवायच्या.

ज्या आईने दोन वर्षं पावाच्या तुकड्यासाठी रांगा लावल्या होत्या, ती आता वळिवड्यात आज काय शिजवायचं हे स्वतः ठरवत होती. भाजीवाले, दूधवाले, अंडी विकणारे छावणीच्या दाराशी यायचे. मराठी न येणाऱ्या बाया आणि पोलिश न येणारे भाजीवाले यांच्यात बोटांच्या खुणांनी सौदे चालत, आणि थोड्याच दिवसांत दोन्ही बाजूंनी आकडे आणि भाज्यांची नावं शिकून घेतली. छावणीचा पैसा अशा रीतीने आसपासच्या गावांत उतरत होता. परक्यांना आसरा देण्याबद्दल गावाचा राग नसणं आणि गावाला चार पैसे मिळणं, या दोन गोष्टी सुट्या नसतात.

शाळा आधी, बाकी नंतर

सायबेरियातून आलेल्या दहा वर्षांच्या मुलाची दोन-तीन वर्षं शाळा बुडालेली होती. काहींना धड वाचता येत नव्हतं. त्यामुळे वळिवड्यात बालवाडीपासून माध्यमिक शाळेपर्यंत सगळं उभं केलं गेलं. शिकवणारे बहुतेक निर्वासितच होते. कुणी पोलंडात शिक्षिका होती, कुणी युद्धामुळे शिक्षण अर्धवट सुटलेली तरुणी. पाठ्यपुस्तकांची कायम टंचाई असायची. मुंबईहून 'पोलाक व इंडियाख' (भारतातला पोलिश माणूस) नावाचं पोलिश नियतकालिक निघत असे. शिक्षण पोलिश भाषेतून होतं, कारण सगळ्यांना वाटत होतं की युद्ध संपलं की घरी जायचं आहे.

स्काउट आणि गाइडची चळवळ इथे फार जोरात होती. शेकोट्या, सहली, पन्हाळ्यापर्यंतच्या भटकंत्या. आज मदतसंस्था ज्याला 'मनोसामाजिक आधार' म्हणतात, ते काम वळिवड्यात स्काउटच्या पथकांनी केलं. ज्या मुलाने डोळ्यांदेखत भाऊ किंवा आई गमावलेली आहे, त्याला सकाळी उठून जायला ठिकाण हवं, हातात काम हवं, बरोबरीची चार पोरं हवीत.

या मुलांना भारत समजावून सांगणाऱ्यांत वांदा दिनोव्स्का होत्या. या पोलिश थिऑसॉफिस्ट बाई १९३०च्या दशकातच भारतात आल्या होत्या आणि उमादेवी या नावाने ओळखल्या जात. पुढे १९६०च्या दशकात त्यांनी तिबेटी निर्वासितांसाठी काम केलं. एका निर्वासित गटाचा अनुभव दुसऱ्याच्या कामी कसा येतो, याचं हे उदाहरण.

आरोग्याचं चित्र मात्र गोंडस नव्हतं. उपासमारीने पोखरलेल्या शरीरांना हिवताप, पोटाचे विकार आणि क्षयरोग यांनी गाठलं. क्षयाची लागण झालेल्या आणि अशक्त मुलांना पाचगणीच्या हवेत ठेवलं जायचं. पाचगणीच्या निवासी शाळांतही काही पोलिश मुली शिकल्या. जे वाचले नाहीत, ते कोल्हापूरच्या ख्रिश्चन दफनभूमीत आहेत. तिथल्या दगडांवर आजही पोलिश नावं वाचता येतात.

पैसे कुणाचे होते?

छावणीचा खर्च लंडनमधलं पोलिश सरकार करत होतं आणि त्या सरकारला ब्रिटन कर्ज देत होतं. म्हणजे हा धर्मादाय नव्हता, दोस्त राष्ट्रांमधला हिशेब होता. या मुलांचे बाप इटलीत ब्रिटिश सेनापतींच्या हाताखाली लढत होते. त्यांच्या बायका-मुलांना कुठेतरी सुखरूप ठेवणं ही लष्करी गरजही होती.

हे लक्षात घेतलं नाही तर १९४३चं साल समजत नाही. वळिवड्यात पहिली कुटुंबं उतरली त्याच वर्षी बंगालमध्ये दुष्काळ पडला आणि त्यात वीस ते तीस लाख माणसं मेली. त्याच वेळी नेहरू, पटेल, मौलाना आझाद आमच्या नगरच्या भुईकोट किल्ल्यात कैदेत होते. एकाच साम्राज्याने एका बाजूला पोलिश मुलांसाठी शाळा बांधल्या आणि दुसऱ्या बाजूला बंगालच्या मुलांपर्यंत तांदूळ पोहोचवला नाही. यात पोलिश मुलांचा काडीचाही दोष नाही. पण मदत कुणाला मिळते हे फक्त गरजेवरून ठरत नाही, कोण कुणाच्या उपयोगाचं आहे यावरूनही ठरतं.

ही गोष्ट वळिवड्यालाही लवकरच कळली. ५ जुलै १९४५ला ब्रिटनने लंडनमधल्या पोलिश सरकारची मान्यता काढून वॉर्सॉतल्या नव्या, सोव्हिएत वर्चस्वाखालच्या सरकारला दिली. एका रात्रीत छावणीचं पालक सरकार नाहीसं झालं. खर्चाची जबाबदारी आधी ब्रिटिशांवर आणि मग संयुक्त राष्ट्रांच्या मदत व पुनर्वसन प्रशासनावर, म्हणजे 'अन्रा'वर आली. अन्रा गुंडाळल्यावर आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटना आली. आजची संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था, यूएनएचसीआर, १९५०मध्ये याच परंपरेतून जन्मली.

आता प्रश्न होता परतण्याचा. यातल्या बहुतेकांची गावं सोव्हिएत संघात गेली होती. नकाशाच बदलला होता. घरी जायचं म्हणजे ज्यांनी सायबेरियाला पाठवलं त्यांच्याच राज्यात जायचं. थोडेच लोक पोलंडला परतले. ज्यांचे नवरे किंवा बाप पोलिश सैन्यात होते त्यांना ब्रिटनने १९४७च्या कायद्यानुसार सामावून घेतलं. काही ऑस्ट्रेलिया, अमेरिकेला गेले. काही मोजक्या मुलींनी इथल्याच तरुणांशी लग्नं केली आणि त्या कायमच्या महाराष्ट्रात राहिल्या. आणि भारत स्वतंत्र झाल्यावर छावणी बंद होऊ लागली, तेव्हा ज्यांची कुठेच सोय लागली नव्हती अशा काही जणांना जहाजाने पूर्व आफ्रिकेतल्या पोलिश छावण्यांत हलवण्यात आलं.

आफ्रिकेतल्या पोलिश छावण्या

इराणातून आफ्रिकेत गेलेल्या पोलिश निर्वासितांची संख्या अठरा ते वीस हजारांच्या घरात होती. आजच्या टांझानिया, युगांडा, केनिया, झांबिया, झिम्बाब्वे आणि दक्षिण आफ्रिका या देशांत वीसेक ठिकाणी त्यांना ठेवलं गेलं. सर्वांत मोठी छावणी तेंगेरू, टांझानियात अरुशा शहराजवळ, मेरू पर्वताच्या पायथ्याशी. वस्ती सुमारे ५ हजार, म्हणजे वळिवड्याएवढीच. तिथे बराकींऐवजी गवताने शाकारलेल्या गोल झोपड्या होत्या. शेती होती, शाळा होत्या, चर्च होतं. युगांडात मसिंदी आणि कोजा. दक्षिण आफ्रिकेत ऑउट्सहूर्न इथे १९४३च्या एप्रिलमध्ये ५०० मुलं आली.

तेंगेरूतल्या अनाथ मुलांवरून पुढे आंतरराष्ट्रीय भांडण झालं. वॉर्सॉचं सरकार म्हणत होतं, ही आमची मुलं आहेत, परत द्या. मुलं जायला तयार नव्हती. शेवटी १९४९मध्ये शंभरहून अधिक मुलांना युरोपमार्गे कॅनडाला नेण्यात आलं आणि पोलंडने 'मुलं पळवली' असा आरोप केला. एकट्या मुलाचं हित कुणी ठरवायचं, सरकारने, संस्थेने, नातेवाइकांनी की मुलाने स्वतः? आज निर्वासित छावण्यांत एकट्या सापडलेल्या मुलाबाबत निर्णय घेताना त्याचं म्हणणं नोंदवून घ्यावं लागतं, आधी नातेवाइकांचा शोध घ्यावा लागतो, तोवर त्याला एखाद्या कुटुंबात ठेवण्याचा प्रयत्न होतो. अशा नियमांमागे तेंगेरूसारख्या प्रकरणांचा अनुभव आहे.

आज आफ्रिकेतल्या छावणीत मुलापर्यंत मदत कशी पोहोचते?

केनियातली दादाब छावणी १९९१मध्ये सोमालियातल्या यादवीमुळे उभी राहिली. काकुमा १९९२मध्ये, सुदानमधून मजल-दरमजल करत आलेल्या हजारो मुलांमुळे. दोन्ही आजही आहेत आणि दोन्हींत मिळून लाखो लोक राहतात. दादाबमध्ये जन्मलेल्या मुलांची मुलं आता तिथेच शाळेत जातात. वळिवडे पाच वर्षांत संपलं. दादाबला तीस वर्षं केव्हाच उलटली. २०२३पासून सुदानमधल्या युद्धाने चाडच्या सीमेवर नव्या छावण्या वाढवल्या आहेत.

पहिली पायरी नोंदणीची. नाव, वय, बरोबर कोण आहे, जन्माचा दाखला आहे का. नोंद नसेल तर शिधा नाही, आणि पुढे कुठल्याच देशाचा कागद नाही. त्यानंतर तपासणी. पाच वर्षांखालच्या मुलाच्या दंडाभोवती एक रंगीत पट्टी गुंडाळतात. घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली आला तर लाल, म्हणजे तीव्र कुपोषण. आपल्याकडच्या अंगणवाड्यांमध्येही हीच पट्टी वापरतात, अंगणवाडीताईंना विचारलंत तर दाखवतील. लाल पट्टीतल्या मुलाला शेंगदाण्याची पेस्ट, दूध पावडर, तेल, साखर आणि जीवनसत्त्वं असलेलं पाकीट दिलं जातं. ते शिजवावं लागत नाही, त्यात पाणी मिसळावं लागत नाही, त्यामुळे खराब पाण्याचा धोका टळतो. एका पाकिटातून सुमारे ५०० कॅलरी मिळतात. आई ते घरी नेऊन खाऊ घालू शकते, मुलाला आठवडेच्या आठवडे दवाखान्यात ठेवावं लागत नाही.

माणशी रोज सरासरी २,१०० कॅलरी हा मदतीचा सर्वसाधारण मापदंड आहे. तो शिधा जागतिक अन्न कार्यक्रम पुरवतो. पूर्वी धान्य, डाळ, तेल मोजून द्यायचे. २०१५पासून काकुमात 'बांबा चाकुला' नावाची योजना आली. मोबाइलवर रक्कम जमा व्हायची आणि छावणीतल्याच ठरलेल्या दुकानांतून कुटुंब हवं ते खाद्य घ्यायचं. मदतक्षेत्रात याची मोठी नवलाई झाली. वळिवड्यातल्या पोलिश आईच्या हातातला भत्ता मूळ कल्पनेत याहून फार वेगळा नव्हता.

अडचण योजनेत नाही, पैशात आहे. यूएनएचसीआर आणि जागतिक अन्न कार्यक्रम यांचा जवळजवळ सगळा कारभार देशांनी दरवर्षी स्वेच्छेने दिलेल्या वर्गणीवर चालतो. युक्रेन, गाझा, सुदान अशी संकटं वाढत गेली आणि २०२५मध्ये अमेरिकेने परदेशी मदतीला कात्री लावली. केनियातल्या छावण्यांत शिधा ठरलेल्या मापाच्या निम्म्याहूनही खाली गेला. शिधा कमी झाला की पहिला परिणाम शाळेवर होतो. मोठी मुलगी सरपणाला किंवा कामाला जाते, धाकटा भाऊ तिच्याबरोबर. काही घरांत मुलीचं लग्न लवकर उरकलं जातं. जगभरातल्या शालेय वयाच्या निर्वासित मुलांपैकी जवळपास निम्मी शाळेबाहेर आहेत. काकुमात जी शाळेत आहेत त्यांच्या वर्गात एका शिक्षकामागे शंभराच्या पुढे मुलं असणं नवीन नाही.

वळिवड्याशी तुलना करताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. तिथली संख्या ५ हजार होती, खर्च करणारं एक सरकार होतं आणि बाहेर पडायला, उशिरा का होईना, दार होतं. दादाबच्या मुलाला यातलं काहीच नाही. केनियात निर्वासितांना छावणी सोडून हवं तिथे काम करण्यावर वर्षानुवर्षं बंधनं राहिली आहेत. शेजारच्या युगांडाने वेगळी वाट धरली. तिथे निर्वासितांना छोटा जमिनीचा तुकडा मिळतो, काम करता येतं, मुलं स्थानिक मुलांबरोबर शिकतात. पण निर्वासितांची संख्या वाढली, जमिनीचे तुकडे लहान होत गेले, आणि तिथलाही शिधा कापला गेला.

त्या बराकींचं पुढे काय झालं?

पोलिश लोक जात होते तोवर फाळणी होऊन सिंधमधून लोंढे येऊ लागले होते. मुंबई प्रांतात कल्याण, देवळाली, पिंपरी, आमच्या नगर जिल्ह्यातलं विसापूर अशा ठिकाणी छावण्या उघडल्या. वळिवड्याच्या रिकाम्या बराकीही सिंधी कुटुंबांना मिळाल्या. पोलिश मुलांच्या शाळांच्या जागी सिंधी संसार आले. त्यांना लंडनहून भत्ता येणार नव्हता. फेरीवर कापड विकण्यापासून सुरुवात झाली आणि वस्तीला गांधीनगर नाव पडलं.

आज तिथे जुन्या बराकींपैकी फार थोडं उरलं आहे. कोल्हापुरात महावीर उद्यानात पोलिश निर्वासितांनी १९९८मध्ये उभारलेला स्मृतिस्तंभ आहे. सप्टेंबर २०१९मध्ये काही वयोवृद्ध माजी रहिवासी आपल्या मुला-नातवंडांना घेऊन वळिवड्याला आले होते. तेंगेरूलाही एक दफनभूमी शिल्लक आहे, सुमारे दीडशे कबरींची. अरुशाहून मोशीला जाणाऱ्या रस्त्यावरून आत वळलं की ती लागते.